बेंदराचा बैल उभा का राहीना: एका बालवाडीचं प्रकरण

कोल्हापूरच्या जुन्या पेठेतली एक बालवाडी. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, त्यावर पत्रा. मोठ्या गटात साडेचार ते सहा वर्षांची 22 मुलं, एक शिक्षिका आणि एक मदतनीस मावशी. शाळा सकाळी साडेआठ ते साडेअकरा. दिवस वीस-वीस मिनिटांच्या तासिकांत कापलेला: प्रार्थना, गाणी, पाटी, डबा, गोष्ट. मातीकाम आठवड्यातून दोनदा. इथे कुणाचंच नाव दिलेलं नाही, नावावाचून काही अडतही नाही.

बेंदूर तोंडावर आला होता. इतर ठिकाणी श्रावणात पोळा होतो, पण कोल्हापूर, सांगली, सातारा भागात त्याआधीच बेंदूर येतो. ज्यांच्या घरी जनावरं नाहीत तेही मातीची बैलजोडी आणून पुजतात. शाळेचा बेत दरवर्षीचाच होता: कुंभार गल्लीतून साच्यातले 22 बैल आणायचे, मुलांकडून रंगवून घ्यायचे, टेबलावर मांडायचे आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचे.

त्याआधीच्या मातीकामाला चार-पाच मुलांनी आपणहून बैल करायला घेतले आणि एकही उभा राहिना. कुणाचे पाय वाकले, कुणाचं पोट जमिनीला टेकलं, तर कुणाचा पाय बुडातूनच निखळून हातात आला. घंटा झाली आणि सगळे बैल एकाच गोळ्यात डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी मातीकाम नव्हतं. तरी एक मुलगी दप्तर खुंटीला अडकवायच्या आधीच म्हणाली, “बाई, माती द्या की. माझा बैल काल पडला न्हवं, आज उभा करतो.” (कोल्हापुरात मुलीसुद्धा ‘करतो’च म्हणतात. ते दुरुस्त करायच्या भानगडीत शिक्षिका पडल्या नाहीत, हे बरं झालं.)

शिक्षिकेला साच्यातले बैल आणून विषय संपवता आला असता, किंवा सगळ्यांसमोर बैल करून ‘बघा, असे जाड पाय करायचे’ असं दाखवता आलं असतं. त्यांनी तिसरंच केलं. बैलांची ऑर्डर दिलीच नाही, आणि ‘उभा का राहत नाही’ हा प्रश्न मुलांच्या ताब्यात राहू दिला. बेंदराला तेव्हा दोन आठवडे होते.

मुलांच्या कलाने शिकवायचं म्हणजे मोकळं सोडायचं, असा एक समज आहे. या दोन आठवड्यांत शिक्षिकेचं काम कमी झालं नाही. ते फळ्यासमोरून उठून माती, वेळ, जागा आणि स्वतःच्या जिभेवरचा ताबा इकडे गेलं. असे प्रयोग फसतात तेव्हा तत्त्व चुकलेलं असतं असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा मातीच वाईट असते.

माती

पहिली अडचण तीच निघाली. डब्यातली माती म्हणजे गेल्या गणपतीतली उरलेली शाडू, घाईत पाणी घालून मळलेली. शाडू पटकन सुकते आणि सुकल्यावर ठिसूळ होते. मूर्तिकाराच्या हाताला ती चालते, कारण त्याचा हात वेगवान असतो आणि बऱ्याचदा साचाही असतो. पाच वर्षांचं मूल एका पायावर पाच मिनिटं घालवतं आणि तेवढ्यात पायाला चिरा पडतात. म्हणजे निम्मे पाय मुलांच्या रचनेमुळे नव्हे, मातीमुळे मोडत होते. मुलांना ते कळणं शक्य नव्हतं. ती आपलं काहीतरी चुकतंय असं समजत राहिली असती. मुलाच्या वाट्याला येणारी अडचण त्याने घेतलेल्या कामातली असावी, आपल्या आळसातली नसावी.

म्हणून कुंभाराकडून मडक्याची गाळाची माती आणली, सुक्या ढेकळांची साधारण 15 किलो. ढेकळं सुपारीएवढी फोडून दोन दिवस भिजत घातली, हाताने कालवून मच्छरदाणीच्या कापडातून गाळली आणि गोणपाटावर पसरून पाणी उतरू दिलं. गाळणं टाळू नये. बाजारातल्या मातीत खडा, काचेचा कण, कधी खिळाही सापडतो. पाणी उतरल्यावर दहा वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू मिसळून मळलं. वाळूमुळे माती सुकताना कमी आक्रसते आणि तडे कमी जातात. पण वाळू जास्त झाली तर माती भुसभुशीत होते आणि बारीक शिंग ओढून निघत नाही.

माती बरोबर जमली का, हे दोन खुणांनी कळतं. अंगठा दाबला की ठसा स्वच्छ उठला पाहिजे आणि अंगठ्याला माती चिकटता कामा नये. मग पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. भेगा पडल्या तर माती कोरडी आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची. वळी लोंबायला लागली तर ओली आहे, तासभर गोणपाटावर ठेवायची. तयार माती झाकणाच्या बादलीत, वर पिळलेलं ओलं फडकं टाकून ठेवली. मुलाला एका वेळी साधारण 400 ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या मुठीएवढा गोळा दिला. त्याहून कमी दिला तर मूल सपाट पोळ्या आणि साप करतं, कारण उभं काही करायला ऐवजच पुरत नाही. बैल उभा न राहण्याचं हेही एक कारण होतं. आधी प्रत्येकाला लिंबाएवढी माती मिळत होती.

टेबलावर सनमायका होता आणि त्याला माती चिकटते. मूल बैल उचलायला जातं तेव्हा पाय टेबलावर राहतात आणि धड हातात येतं. त्यावर उपाय म्हणून एक फूट लांब-रुंद गोणपाटाचे आठ तुकडे शिवून घेतले. हत्यारं फारशी लागली नाहीत: आइस्क्रीमच्या काड्या, जुने टूथब्रश, मोडका कंगवा, एक चमचा आणि वाटीत थोडासा पातळ चिखल. पाण्याची वाटी मुद्दाम ठेवली नाही. पाणी हाताशी असलं की मुलं बैलाला आंघोळ घालतात, आणि दहा मिनिटांत त्याची खीर होते.

स्थानिक, स्वस्त वस्तूंवर बालशिक्षण उभं करण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आणि नंतर 1957 पासून कोसबाडला जे काम उभं केलं, त्यात महागड्या साधनांच्या जागी परिसरात मिळणाऱ्या वस्तूच होत्या. तरीही माती ‘फुकट’ आहे म्हणून तयारीशिवाय पुढ्यात टाकायची सवय काही जात नाही.

घंटा आणि बादल्या

वीस मिनिटांच्या तासिकेत माती वाटायला चार-पाच मिनिटं जात, हात धुवायला सात. हाताशी उरत आठ-नऊ मिनिटं. एवढ्यात बैल मोडतो, पण का मोडला ते बघायला वेळ राहत नाही. म्हणून प्रार्थनेनंतरच्या तीन तासिका जोडून 60 मिनिटांचा एकच सलग वेळ केला. त्या वेळात तीन कामं उघडी असत: माती, लाकडी ठोकळे आणि चित्रं. कुठे बसायचं ते मुलांनी ठरवायचं.

पहिल्या दिवशी 22 पैकी 17 मुलं मातीवर तुटून पडली आणि ढकलाढकली झाली. मग गोणपाटाचे ते आठ तुकडे भिंतीवरच्या खिळ्यांना टांगले. तुकडा लोंबत असेल तर जागा आहे, रिकामा खिळा दिसला तर थांबायचं. तिसऱ्या दिवसापासून ‘बाई, मला कधी?’ ऐकू येणं जवळपास बंद झालं. नियम शिक्षिकेच्या तोंडून भिंतीवर गेला की भांडण उरत नाही, हा अनुभव बालवाडीत काम करणाऱ्या कुणालाही नवा नाही. तरीही आपण नियम तोंडीच सांगत राहतो.

सर्वांत उपयोगी ठरली ती अर्धवट कामाची फळी. आदल्या दिवशीचा बैल पिळलेल्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी घालून मुलाच्या चिठ्ठीसह ठेवला की दुसऱ्या दिवशी माती कामाजोगी राहते. हे केलं नाही तर मूल रोज शून्यापासून सुरू करतं, रोज तीच चूक करतं आणि प्रश्न खोल जात नाही. एकदा फडकं नीट न पिळता गुंडाळलं गेलं आणि सकाळी तीन बैलांचे पाय खाली बसलेले निघाले. तेव्हापासून फडकं पिळायचं काम मावशींनी कुणाला दिलं नाही.

हात धुण्यासाठी अंगणात तीन बादल्या. पहिलीत चिखल उतरवायचा, दुसरीत खळखळायचे, तिसरीत स्वच्छ पाणी. बेसिनमध्ये मातीचे हात कधीच धुवू नयेत, कारण तळाशी बसलेली माती मोरी हमखास तुंबवते. पहिल्या बादलीतलं पाणी रात्रभर निवळू द्यायचं, वरचं कुंडीत ओतायचं आणि तळाची माती पुन्हा मोठ्या बादलीत. फरशीवर सांडलेली माती सुकल्यावर झाडू नये. तिची बारीक धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी. हाताला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी ठोकळे. वेळ संपल्याची खूण घंटेची नव्हती. शेवटच्या दहा मिनिटांना मावशी बादल्या अंगणात मांडायला लागत, आणि मुलांना ते दिसे.

मोडक्यांची परात

शिक्षिकेने एक जुनी स्टीलची परात ठेवली आणि एकच अट घातली: मोडलेला बैल लगेच गोळा करायचा नाही, आधी परातीत ठेवायचा. दोन दिवसांत नऊ बैल जमले. मग त्यांनी विचारलं, “कुठनं मोडलाय?”

या प्रश्नाकडे नीट बघण्यासारखं आहे. त्याला पाठ केलेलं उत्तर नाही, आणि तो विचारताना शिक्षिकेला स्वतःलाही उत्तर माहीत नव्हतं. मुलं वाकून बघायला लागली. काही पाय “बुडातनं” सुटले होते, म्हणजे पोटाला चिकटवलेल्या जागी. काही “मधनं” मोडले होते. एका मुलाने परातीत काडीने रेघ ओढल्यासारखं करून इकडचे आणि तिकडचे वेगळे केले. बुडातले सात, मधले दोन. फळ्यावर उभ्या रेघा मारून कुणीतरी ते मोजलं. हे अंकगणित होतं. तासिका मात्र कुणी लावली नव्हती.

“चिकटवलेलाच पाय पडतोय,” असं ती आधीची मुलगी म्हणाली.
“मग चिकटवूच नको की,” शेजारचा म्हणाला.

त्या वाक्यावर पुढचे तीन दिवस गेले. गोळ्यातूनच चार टोकं ओढून पाय काढायचे, असा शोध लागला. पाय निघाले, टिकले, पण आखूड आणि बुटके. “ह्यो तर डुक्कर झालाय,” असा निकाल आला. तरी दोघांना तो पसंत पडला आणि त्यांनी तसाच ठेवला. दुसऱ्या टोकाला एकाने अंगणातल्या खराट्याच्या काड्या मोडून पायांच्या आत घातल्या. बैल ताठ उभा राहिला, टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाने काड्या घातल्या.

शिक्षिकेला पुढे काय होणार ते माहीत होतं. माती सुकताना आक्रसते, काडी आक्रसत नाही, त्यामुळे काडीच्या लांबीभर भेग जाते. त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी भेगा दिसल्या, दोन पायांतून तर काडीच बाहेर डोकावली. ते गप्प बसणं योग्य होतं का, यावर बालवाडीवाल्यांत मतभेद होऊ शकतात. आमच्या मते या वेळी योग्य होतं, कारण बेंदराला अजून आठवडा होता आणि बिघडणार होता तो एक बैल. हेच बेंदराच्या आदल्या दिवशी घडलं असतं आणि मुलाच्या घरी पूजेला बैलच नसता, तर गप्प बसणं म्हणजे हटवादीपणा झाला असता. बोलायचं की नाही हे तत्त्वावर ठरवू नये. चुकीची किंमत किती आणि दुरुस्तीला वेळ उरलाय का, यावर ठरवावं.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा पाच पायांचा बैल घेऊन आला. ‘बैलाला पाय किती असतात रे बाळा?’ हा प्रश्न कुठल्याही शिक्षिकेच्या ओठावर येईल, तसा तो इथेही आला. पण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “दाखव बघू.” त्याने पोटाखालचा जाड पाय दाखवला. “ह्यो पाय न्हाई. टेकू हाय. वाळला की काढायचा.” ओल्या मातीला स्वतःचं वजन पेलत नाही, सुकत गेली की पेलतं, म्हणून मधल्या काळापुरता आधार द्यायचा. मूर्तिकार मोठ्या मूर्तीला नेमकं हेच करतात. पायांची संख्या विचारली असती, तर त्याने पाचवा पाय काढून टाकला असता आणि चार असं बरोबर उत्तर दिलं असतं.

त्याचा पहिला टेकू पोटाला चिकटला आणि काढताना पोटाचा लचका निघाला. दुसऱ्या दिवशी गोणपाटाशेजारी वर्तमानपत्राचे चिटोरे ठेवलेले होते, त्यांच्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही. त्या मुलाने नाही, दुसऱ्याच मुलीने टेकू आणि पोटाच्या मध्ये कागद घातला. सुचवणं आणि हाताशी ठेवणं यात बराच फरक आहे. हाताशी ठेवलेली वस्तू कुणी उचलली नाही तरी काही बिघडत नाही. सुचवलेली गोष्ट मात्र बाईंना बरं वाटावं म्हणून केली जाते.

आता या गटातल्या एकाबद्दल सांगायला हवं. तो मातीवर रोज यायचा, बैल एकदाही केला नाही. “मी शेण करणार,” एवढंच. गोवऱ्यांएवढे मोठे, लिंबाएवढे, वाटाण्याएवढे गोळे. मोठे-लहान वेगळे लावायचा, ‘बारक्या वासराचं’ आणि ‘मोठ्या बैलाचं’ असं सांगायचा, इतरांच्या बैलांमागे नेऊन ठेवायचा. शिक्षिकेने त्याला बैलाकडे वळवायचा एक प्रयत्न केला. तो ठोकळ्यांकडे निघून गेला. नंतर त्याला तसंच करू दिलं. आकारानुसार लावणं, जोड्या लावणं, बोटांच्या चिमटीत गोळी वळणं हे सगळं त्याने गोठ्याच्या मागच्या बाजूने केलं. मुलांच्या कलाने जायचं ठरवलं की शेणाचाही आदर करावा लागतो.

नोंदवही साधी ठेवली. पानाच्या डाव्या भागात जे दिसलं आणि जे शब्द ऐकू आले ते, उजव्या भागात शिक्षिकेचा अंदाज. रोज 22 मुलांची नोंद कुणालाच जमत नाही. रोज चारच मुलं ठरवून बघितली की सहा दिवसांत सगळ्यांचा फेरा होतो. दोन भाग वेगळे ठेवण्याचा फायदा पंधरवड्याने दिसला. उजवीकडे ‘लक्ष नाही’ लिहिलेल्या एका मुलीच्या डावीकडच्या नोंदीत सलग दोन दिवस ‘दुसऱ्यांचे पाय बघत बसली’ असं होतं. बैल जोडण्याआधी पाय सुकवून घेणारी वर्गातली पहिली तीच.

कुंभाराकडे

शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्पचा भाग कोल्हापुरात सगळ्यांना माहीत. पण बेंदूर आणि गणपती तोंडावर असताना तिथे कुणाला मान वर करायला वेळ नसतो. म्हणून नऊच्या आत, सहा-सहा मुलांच्या गटाने जायचं ठरलं. निघायच्या आधी मुलांचे प्रश्न फळ्यावर लिहून घेतले. ‘तुमचं नाव काय’, ‘तुम्ही काय खाता’ वगैरे गळून दोनच उरले: तुमच्या बैलाचा पाय का मोडत नाही, आणि शिंग आधी की पाय आधी.

पहिला धक्का बसला तो साच्याचा. बैल दोन अर्ध्या भागांत दाबून काढतात हे बघून मुलांचा भ्रमनिरास झाला. “हे तर चापून काढत्यात!” पण त्याच कट्ट्यावर हाताने केलेलेही काही बैल होते, आणि कुंभारकाकांनी एक करून दाखवला. त्यांनी आधी चार पाय वळले, बुडाशी जाड, खाली निमुळते. ते बाजूला कडक होऊ दिले आणि तोवर दुसरं काम केलं. मग पायाचं वरचं टोक आणि पोटाची जागा काडीने खरवडली, मधे पातळ चिखल लावला, दाबलं आणि सांधा बोटाने पुसून घेतला. “पाय कडक, मगच अंग,” एवढंच बोलले.

परत आल्यावर मुलांनी तेच केलं आणि पुन्हा सांधे सुटले. यावेळी कारण वेगळं. पाय दोन दिवस उघडे राहून जास्तच सुकले होते आणि पोट ताजं होतं. सुकलेला भाग आक्रसून झालेला असतो, ओला अजून आक्रसायचा असतो, त्यामुळे दोघं एकमेकांपासून सुटतात. कुंभाराच्या हाताला हा मधला क्षण कळतो, मुलाच्या हाताला कळत नाही. जमलं ते असं: पाय आदल्या दिवशी करून झाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी खरवडून जोडायचे आणि जोडलेला अख्खा बैल पुन्हा एक दिवस झाकून ठेवायचा, म्हणजे दोन्हींतला ओलावा सारखा होतो. इथे मात्र शिक्षिकेने सरळ सांगितलं. अडचण डोळ्यांना दिसण्यासारखी नव्हती, आणि दोन दिवसांनी कळणारं कारण पाच वर्षांच्या मुलाला आजच्या कृतीशी जोडता येत नाही.

साच्याची गंमत पुढे आहे. शिक्षिकेला साचे नको होते. पण भेटीनंतर दोन मुलांनी घरचा प्लास्टिकचा बैल आणला, मातीत दाबला आणि त्या खळग्यात दुसरी माती भरली. ती चिकटली. सुकं पीठ भुरभुरवल्यावर निघाली, अर्धा बैल आला. साचा शाळेने आणला असता तर प्रश्न संपला असता. मुलांनी केला तेव्हा त्यातून नवा प्रश्न निघाला: उरलेला अर्धा कसा काढायचा? तो सुटला नाही.

सुकवणं आणि रंग यांबद्दल थोडक्यात. पावसाळी हवेत बोटाएवढ्या जाडीचा बैल पूर्ण सुकायला सहा-सात दिवस लागतात. पहिले दोन दिवस सुती कापडाखाली, नंतर उघडा, खालून हवा लागावी म्हणून चाळणीवर. गॅसजवळ किंवा उन्हाच्या कवडशात ठेवला की शिंगं आणि शेपटी आधी सुकून तडकतात. काही बैल बेंदराला आतून ओलेच होते, तरी पूजेला त्याने काही बिघडलं नाही. रंग गेरू आणि खडूच्या भुकटीचे, थोडा डिंक घालून. कच्च्या मातीवर कुंचला एकदाच फिरवायचा. घासला की रंगाबरोबर मातीही निघते.

शेवटी 22 पैकी 13 मुलांचे बैल चार पायांवर उभे राहिले. तिघांनी बैल बसवला (“दमलाय”), दोघांचे साच्यातले अर्धे, एकाचं शेण, आणि तिघांनी या काळात ठोकळ्यांचा गोठा बांधला.

पालक

पहिल्या आठवड्याअखेर ग्रुपवर मेसेज सुरू झाले. शेजारच्या शाळेत सगळी मुळाक्षरं झाली, आमची पोरं चिखलात. हा राग खोटा नाही. पहिलीच्या वर्गात वहीच मागतात, हे पालकांना पक्कं माहीत असतं. शनिवारी पाऊण तासाची बैठक घेतली आणि भाषणाऐवजी प्रत्येकाला पाव किलो माती दिली. दहा मिनिटांत उभा राहणारा बैल करा. एक आजोबा सोडले तर कुणालाच जमलं नाही. त्या आजोबांनी लहानपणी केले होते. त्यानंतर मुलांच्या परातीतले बैल, फळ्यावरच्या रेघांचा फोटो आणि नोंदवहीतली प्रत्येकाची तीन वाक्यं दाखवली.

शिक्षिकेने एक मोह टाळला. मातीकामाने अक्षर सुधारतं असं सांगितलं नाही. तळहाताची आणि बोटांची ताकद, चिमटीत धरणं, दाब कमी-जास्त करणं हे पेन्सिल धरायला लागतं आणि मातीत ते होतं, एवढंच सांगितलं. 2022 च्या पायाभूत स्तरावरच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ हा वयोगट एकच टप्पा धरला आहे, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ठरावीक पाठ्यपुस्तक नसावं असं म्हटलं आहे, हेही वाचून दाखवलं. बरेच जण शांत झाले, सगळे नाही. एका घराने पुढच्या वर्षी मूल दुसऱ्या शाळेत घातलं. कागदावर काहीतरी हवं ही मागणी पुरती मोडून काढायच्या ऐवजी, दर पंधरवड्याला एक फोटो आणि तीन वाक्यं असं पान घरी पाठवायची पद्धत पडली. ती टिकली.

शेजारचा वर्ग

हे सगळं बघून लहान गटाच्या, साडेतीन ते साडेचार वर्षांच्या वर्गाने पुढच्याच आठवड्यात तेच केलं. माती तीच, गोणपाट तीच, परातही ठेवली. त्या वर्गाच्या शिक्षिकेने सुरुवातीला सांगितलं, “आज आपण उभा राहणारा बैल करायचा.” दोन दिवसांत काम बंद पडलं. मुलं माती थापटत होती, लाटत होती, भोकं पाडत होती. उभं राहणं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्या वयात अजून मातीचंच नवल असतं, वस्तूची रचना पुढे येते. मोठ्या गटाकडून घ्यायची होती ती मातीची तयारी, सलग वेळ आणि अर्धवट कामाची फळी. बैल घ्यायचा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकेने बैल सोडून दिला, पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि माती किती पातळ होते हे मुलांनी बघायला घेतलं. त्यासाठी दर मुलामागे 200 ग्रॅम माती पुरते, पण फडकी तिप्पट लागतात.

बेंदरानंतर मोडके आणि नको असलेले बैल परत मातीत घ्यायचे होते. अर्धवट सुकलेले बैल पाण्यात टाकले तर त्यांचे बाहेरून गुळगुळीत, आतून कडक गोळे होतात आणि दिवसेंदिवस फुटत नाहीत. आधी पूर्ण खडखडीत सुकू द्यायचे, हातोडीने फोडायचे, मगच पाणी घालायचं. पूर्ण सुकलेली माती पाण्यात आपोआप सुटते. रंग लागलेले तुकडे वेगळ्या बादलीत ठेवले, खराट्याच्या काड्या वेचून काढल्या, आणि ती माती पुढच्या सोमवारी मोठ्या गटाच्या फळीवर परत गेली.